सगुणाबाईंसाठी निवडलेला कूलर

मी कूलर बोलतोय. उन्हाळ्यात खिडकीत लावून ज्यात पाणी ओततात, तो माझा कोणी लागत नाही. मी राहतो कॉम्प्युटरच्या पोटात. तिथे प्रोसेसर नावाची एक चौकोनी चिप असते. सगळा विचार तीच करते आणि करून करून तापते. तिच्या डोक्यावर बसून तिचा ताप उतरवायचा, एवढंच माझं काम. पातळ पत्र्यांची चळत, तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि पुढ्यात एक पंखा, असा माझा देह.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते घणसोली गावातलं दिपेशचं दुकान. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याची आई सगुणाबाई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाऊन विधी पार पाडायचा तिचा मान. ती पुढची ओळ घ्यायची आणि तिची मैत्रीण जाईबाई मागून ओढायची. लग्न नव्या टॉवरमधल्या हॉलात असलं तरी बोलावणं या दोघींनाच येई.

एक दिवस सगुणाबाईच्या घशात गाठ निघाली. "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही," डॉक्टर म्हणाले.

दिपेशची बहीण भाविका हे ऐकून घरी आली ती ठरवूनच. ऑपरेशनच्या आधी आईचे सगळे धवले रेकॉर्ड करायचे. मोबाइलवर गाणी होती, पण त्यांत बॅन्जो, गप्पा आणि भांड्यांचा खडखडाटच जास्त. तिनं चांगला माइक आणला. गल्लीच्या गोंगाटापासून दूर अशी घरात एकच आतली खोली होती आणि कॉम्प्युटर तिथेच. पहिलं गाणं घेतलं, तर आईच्या आवाजामागे सतत घूंऽऽ ऐकू यायचं. कॉम्प्युटरसोबत आलेला छोटा कूलर जिवाच्या आकांतानं फिरत होता.

दिपेशनं दुकानातून आम्हा तिघांना आणलं. एक बुटका, स्वस्त, दुसरा पत्र्यांच्या दोन चळतींचा, दांडगा, तिसरा मी. दिपेश एकेकाला बसवायचा आणि भाविका कानाला हेडफोन लावून ऐकायची. बुटका थंड करायचा, पण शिट्टी मारायचा. दांडग्याचा आवाज जवळजवळ नव्हता, पण तो इतका उंच की कॉम्प्युटरचं झाकणच लागेना.

"झाकण राहू दे ना उघडं," भाविका म्हणाली.

"अगं, मग बाकीचे पंखे ऐकू येतील. थांब, ह्याला बघू."

मला बसवलं. थंड करण्यात मी त्या दांडग्याच्या खालीच होतो, हे खोटं कशाला सांगू? पण माझा पंखा मोठा आणि सावकाश. भाविकानं डोळे मिटले. मग हेडफोन आईच्या कानाला लावला.

"काय ऐकू येते का गं?"

"काय नाय. माजा श्वास येते," सगुणाबाई म्हणाली.

मी राहिलो.

मग खोलीची दारं-खिडक्या बंद झाली. छताचा पंखाही बंद. दोघी म्हाताऱ्या घामानं निथळत बसायच्या आणि गायच्या. हळदीचे धवले झाले, देवांना आमंत्रणाचे झाले, मांडवाचे झाले. मध्येच सगुणाबाईचा आवाज फाटायचा. ती घोटभर पाणी प्यायची आणि पुन्हा तीच ओळ धरायची. माझ्या आयुष्यात माझी खरी गरज फक्त तेव्हाच होती.

शेवटी पाठवणीचा धवला उरला. सगुणाबाईनं मान हलवली.

"त्यो आता नाय. पोर दारातून निघताना बोलायचा त्यो. उगाच बोलला त बरा नाय."

"आई, नंतर तू... नंतर कसं म्हणशील?"

"तुजा लगीन ठरलाय ना? डागतरला सांग, लग्नानंतर काप."

भाविकानं पुढे विषय काढला नाही. लग्नाची तारीख जवळचीच होती. पण गाठ कोणासाठी थांबली नाही. श्वास घेणं जड होऊ लागलं आणि सगुणाबाईला घाईनं इस्पितळात न्यावं लागलं. परत आली तेव्हा तिच्या गळ्याला भोक होतं आणि ती पाटीवर लिहून बोलत होती.

भाविकाच्या लग्नात मला कॉम्प्युटरसकट ओटीवर आणून ठेवलं. स्पीकरमधून सगुणाबाईची गाणी लागत होती आणि ती स्वतः त्या गाण्यांबरोबर हळद, अक्षता, सगळं हातानं करत होती. बायका डोळे पुसत होत्या. मग पाठवणीची वेळ आली. दिपेशनं माउसवरचा हात काढून घेतला. लावायला काही नव्हतंच.

जाईबाई उठली. तिला मागची ओळच येत होती. पुढची तिनं जन्मात कधी घेतली नव्हती. ती सगुणाबाईसमोर उभी राहिली. सगुणाबाईचे ओठ हलले. आवाज काही नाही. ओठ थांबले तशी जाईबाईनं मागची ओळ ओढली. पुन्हा ओठ, पुन्हा ओळ. गाणं असंच संपेपर्यंत चाललं, अर्धं ऐकू येणारं. भाविका आईच्या गळ्याजवळ कान नेऊन रडत होती. मी असाच फिरत राहिलो. दुसरं मला काय येतं?

पुढे सगुणाबाई दुपारी एकटी माझ्याजवळ येऊन बसायची, स्वतःचीच गाणी लावायची आणि मांडीवर बोटांनी ठेका धरायची. गेल्या वर्षी ती वारली. भाविका कामोठ्याला राहते. गाणी तिनं तिकडे नेली. जाईबाईनंही मोबाइलमध्ये भरून घेतली. कुणाच्या लग्नाला गेली की मोबाइल मांडीवर ठेवते. सगुणाबाई पुढची ओळ घेते, जाईबाई मागची ओढते.

नव्या कॉम्प्युटरला माझे स्क्रू जुळत नाहीत, म्हणून मी आता दुकानाच्या फळीवर आहे. पत्र्यांत धूळ साचलीय, पंखा अडखळतो. परवा एका गिऱ्हाइकानं सगळे कूलर उलटसुलट करून पाहिले. मला उचललं, धूळ पाहिली आणि हात झटकले.

माझं काही मागणं नाही. पण एखाद्या मांडवात म्हातारी बाई मोबाइल मांडीवर घेऊन गाताना दिसली, तर तेवढा वेळ तुमचा डीजे बंद ठेवा. ती दोघींचं गातेय.