चार कप्प्यांपाशी थांबलेला हात

मी सोनोग्राफीचा प्रोब. मशीनच्या बाजूला खाचेत उभा करून ठेवलेला असतो, तो. लोक पडद्याकडे बघतात, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. पण पोटावरून फिरतो मीच, आणि आज बोलणार आहे तोही मीच. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. मला किळस आली आहे. चिकट जेलची नाही, घामट हातांची नाही. 'सगळं छान आहे' या तीन शब्दांची.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. तिथे धुळीला मज्जाव होता. डोक्याला टोपी आणि हातांत मोजे घातलेल्या एका बाईने भिंगातून बघत माझ्या तोंडात स्फटिकाच्या बारीक पट्ट्या ओळीने बसवल्या. एक पट्टी जराशी तिरकी बसली. तिने सगळं उचकटलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिच्यावर नजर ठेवायला कोणी नव्हतं. माणसाची पहिली सवय मी पाहिली ती ही. त्यामुळे बरीच वर्षं मी गैरसमजात होतो.

माझं काम सोपं आहे. मी आवाज सोडतो, माणसाला ऐकू न येणारा. तो आत जाऊन आपटतो, परत येतो आणि त्याचं चित्र होतं. चित्र दाखवणं माझ्याकडे, वाचणं माणसाकडे. मला हात नाहीत. जो मला धरतो त्याचा हात तोच माझा.

पहिला हात मोठ्या बाईंचा. एका मोठ्या दवाखान्यात त्या गर्भाच्या हृदयाच्या तपासण्या करायच्या. साठीला आलेल्या, ठेंगण्या, तोंडाच्या फटकळ. मला पोटावर टेकवण्याआधी जेल तळहातावर घेऊन कोमट करायच्या. शिकायला आलेल्या डॉक्टरांना सारखं एकच सांगायच्या, "हृदयाचे चार कप्पे दिसले की हात उचलावासा वाटतो. उचललास तर माझ्या खोलीत पुन्हा येऊ नकोस. बाळाच्या डोक्याकडे कलव. अजून. बास, नखाएवढा."

त्या नखाएवढ्या कलण्यात काय असतं ते सांगतो. हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. एक फुप्फुसांकडे जाते, दुसरी साऱ्या शरीराकडे. निघताना त्या एकमेकींना ओलांडून जातात. एखाद्या बाळात मात्र त्यांची अदलाबदल झालेली असते आणि मग त्या शेजारी शेजारी, समांतर निघतात. चार कप्पे तर अगदी सुबक दिसतात. पोटात बाळाला काही त्रास नसतो, कारण प्राणवायू नाळेतून मिळतो. नाळ कापली की रक्त चुकीच्या वाटेने फिरायला लागतं. पहिल्या काही तासांतच उपचार व्हावे लागतात. पण आधी कळलेलं असलं, तर आईला हृदयाच्या इस्पितळाजवळ बाळंत करतात, औषध तयार ठेवतात, थोड्या दिवसांत ऑपरेशन करतात आणि बहुतेक मुलं वाचतात.

असा एक वाचलेला मुलगा चार वर्षांचा झाल्यावर बाईंना भेटायला आला होता. शर्ट वर करून त्याने छातीवरची रेघ दाखवली, नंतर माझी वायर दातांनी चावली. त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. बाई म्हणाल्या, "चावू दे गं. दात आलेत म्हणजे झालं."

बाई निवृत्त झाल्या. दवाखान्यात नवं मशीन आलं आणि मी जुन्या मशीनसकट एका सेंटरमध्ये जाऊन पडलो.

इथल्या डॉक्टरांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'झटपट' म्हणत. चाळिशीचे, हसतमुख, अत्तर लावणारे. कामात अडाणी नव्हते, हे मुद्दाम सांगतो. अडाणी माणसाची मला किळस येत नाही. त्यांना सगळं येत होतं, थांबणं तेवढं येत नव्हतं. एकीच्या पोटावरचं जेल माझ्या तोंडावर वाळायच्या आत ते दुसरीच्या पोटावर नवं ओतत, तेही थंडगार. बायका दचकत. ते म्हणत, "एसी आहे हो आमच्याकडे!" हा विनोद मी दिवसातून तीस वेळा ऐकला आहे.

त्याच खोलीत एका कापडी पडद्याआड टायपिस्ट बसायची. तिच्याकडे रिपोर्टचा तयार नमुना होता. नाव, वय आणि आठवडे बदलायचे, बाकी सगळं आधीपासून लिहिलेलं. डोकं सामान्य. पाठीचा कणा सामान्य. हृदयाचे चार कप्पे सामान्य. मोठ्या रक्तवाहिन्या सामान्य. काही वेगळं निघालंच तर डॉक्टर सांगत, मग ती तेवढी ओळ बदलायची. बाई टेबलावरून उतरून चप्पल शोधत असायची आणि रिपोर्ट छापून हजर असायचा. याचा डॉक्टरांना कोण अभिमान! बाहेर पाटीच लावली होती : रिपोर्ट ताबडतोब.

एके दिवशी सकाळी पाचव्या महिन्यातली एक बाई आली. लहान मुलांना पोहायला शिकवायची ती. खांदे रुंद, केसांना क्लोरीनचा वास. बरोबर तिचा नवरा होता, प्लंबर. आणि नवऱ्याची धाकटी बहीण, जिला आत्या व्हायची भारी घाई.

"दादा, डोकं बघ! तुझ्यासारखंच चौकोनी."

"गप गं. तुझं नाक नाही आलं म्हणजे मिळवली."

"वहिनी, बघितलंस? आतापासून पोराला माझ्याविरुद्ध भरवतोय."

"हसवू नका रे मला," ती म्हणाली, "चित्र हलतंय."

डॉक्टरांनी कान आणि खांद्यामध्ये फोन धरला होता. सुट्टीत कुठे जायचं ते ठरत होतं. "तलाव दिसला पाहिजे हं खोलीतून... डोकं छान... नाही, तुला नाही म्हणत... पाठ छान... हे चार कप्पे. छान." हात निघाला. तेवढ्यात फोन घसरला. तो सावरताना त्यांचं मनगट वळलं आणि मी डोक्याकडे कललो. नखाएवढाच. दोन्ही हात मोकळे करायला त्यांनी सवयीने बटण दाबून चित्र थांबवलं, साठवलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

पडद्यावर दोन रक्तवाहिन्या होत्या. शेजारी शेजारी, समांतर. मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो.

नवरा पुढे झाला. "डॉक्टर, या दोन नळ्या अशा शेजारून जायच्या असतात का? बाहेर भिंतीवर तक्ता आहे, त्यात एक दुसरीवरून जाते. दोन तास बसलो होतो, सगळा वाचून काढला."

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवला. "तुम्ही काय करता?"

"प्लंबर आहे."

"मग नळ्यांचं तुम्ही बघा, बाळाचं मी बघतो."

बहीण खुदकन हसली. नवराही हसला, कान लाल होईपर्यंत. टेबलावरची बाई तेवढी हसली नाही. "विचारलं तर काय बिघडलं?"

"काहीच नाही बिघडलं हो ताई," डॉक्टर म्हणाले. "सगळं छान आहे."

पडद्याआड छपाईचं यंत्र करकरलं.

दुपारी डॉक्टर डबा उघडून मशीनपुढे बसले. एका हाताने जेवता जेवता दुसऱ्या हाताने सकाळची चित्रं पुढे सरकवायची त्यांची रीत. त्या चित्रापाशी आले आणि घास तोंडातच राहिला. त्यांनी चित्र मोठं केलं. पुन्हा मोठं केलं. सांगितलं ना, त्यांना सगळं येत होतं.

"सकाळची ती पोहायला शिकवणारी. तिचा रिपोर्ट गेला?"

"कधीच, सर. ती उतरायच्या आधीच छापला होता."

"त्यात मोठ्या रक्तवाहिन्या..."

"सामान्य. ते असतंच ना आधीपासून." टायपिस्टने मान वळवली. "का हो? फोन करू का? नंबर आहे माझ्याकडे. उद्या बोलावते."

ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. त्या वेळात पोटातल्या एका मुलीचं सगळं आयुष्य ठरत होतं, आणि ते त्या दोघांच्या हातात होतं. माझ्या नाही.

"काय सांगणार बोलावून? रिपोर्ट चुकला म्हणून? तो नवरा आधीच शहाणपणा करत होता. कोन चुकला असेल. आठव्या महिन्यात येतीलच, तेव्हा नीट बघू."

"पण रिपोर्टात पुन्हा यायचं लिहिलेलं नाही, सर."

"येतात गं सगळ्या. जेव तू."

आणि ती जेवली. तेही जेवले. मग हात धुऊन त्याच हातांनी मला उचललं. स्वच्छ होते हात, साबणाचा वास येत होता. मला शिसारी आली ती तेव्हा.

आठवा महिना आला आणि गेला. ती आली नाही. कशाला येईल? तिच्या हातात कागद होता. सगळं सामान्य असलेल्या बाईने घराजवळच्या छोट्या प्रसूतिगृहात नाव घालावं, तसं तिने घातलं. मधून मधून टायपिस्ट पेशंटच्या नंबरांची वही चाळायची, मिटून ठेवायची.

ती आली ते आणखी दोन महिन्यांनी. पोट नव्हतं. बरोबर नवरा होता. बहीण बाहेरच बसली. नवऱ्याने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि घडी हाताने सपाट केली. भांडायला आलेली माणसं वाटत नव्हती. डॉक्टरांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. ऐकण्याआधीच चेहरा दुःखी करून ठेवला होता.

तिनेच सांगितलं, सरळ, कुठे न अडखळता.

"मुलगी झाली. रडली छान. थोड्या वेळाने मला ओठ निळे दिसले. नर्स म्हणाली, थंडी वाजतेय, आणि दुपट्यात गुंडाळलं. मी म्हटलं, थंडी नाही. पाण्यातून बाहेर आलेल्या मुलांचे ओठ मी रोज बघते, थंडीचा निळा मला कळतो. मोठ्या इस्पितळात न्यायला गाडी मिळाली, पोचायला पाच तास लागले. ती एकोणीस तास होती. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर तुम्हाला इथेच बाळंत केलं असतं."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं. पण गर्भात सगळं दिसत नाही हो, ताई. मशीनला मर्यादा असतात."

मशीनला! माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले ते. सगळा जन्म मी दुसऱ्यांच्या हातांनी वळलो, पण त्या दिवशी खाचेतून निसटून फरशीवर पडावं, फुटावं असं वाटलं.

"सगळं दिसत नाही, ते कळलं," ती म्हणाली. "मी सगळ्याचं विचारत नाही. हे दिसलं होतं का, तेवढं सांगा. त्या कागदावर सामान्य लिहिलंय. मला दिवसभर वाटतं, बाळंतपणात माझंच काही चुकलं. दिसलं होतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

पडद्याआडची टकटक थांबली होती. टायपिस्ट उठून बाहेर आली. हात ओढणीत गुंडाळलेले.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. दुपारी."

"तू आत जा," डॉक्टर म्हणाले.

ती गेली नाही. "चित्र आहे अजून मशीनमध्ये. सर, काढा, नाहीतर मी काढते."

नवरा ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. त्या बाईने त्याचा हात धरला, पण बघत होती ती टायपिस्टकडे. रागाने नाही. एखादी साधी गोष्ट समजून घ्यावी, तशी.

"मग फोन का नाही केला?"

टायपिस्टने डॉक्टरांकडे पाहिलं.

"माझा नंबर नव्हता का?"

"होता."

बाईने मान हलवली. "बरं," म्हणाली. टायपिस्टने काढून दिलेली चित्राची प्रत घेतली, रिपोर्टावर ठेवून दोन्हीची घडी केली, नवऱ्याने पाडलेली खुर्ची उचलून जागेवर लावली आणि दोघं निघून गेली. पुढे त्यांनी त्या कागदांचं काय केलं, कुठे तक्रार केली, मला माहीत नाही. त्यांचं चुकलं नव्हतं एवढं कळायला त्यांना इथवर यावं लागलं, हे मात्र मला माहीत आहे.

आता मी जुना झालो आहे. माझ्या काही पट्ट्या निकामी झाल्यात, चित्रात उभी काळी रेघ येते. सेंटरमध्ये एक बदल झाला. तुम्हाला वाटेल, डॉक्टर मला कलवायला लागले असतील. महिनाभर कलवलं त्यांनी, भीतीने. नंतर वकिलाला विचारून रिपोर्टाच्या तळाशी मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत एक ओळ घातली : या तपासणीत गर्भातील सर्व दोष दिसतीलच असे नाही. ओळ आली आणि भीती गेली. भीती गेली तसं कलवणंही गेलं. एका मुलीच्या एकोणीस तासांची ही एवढी ओळ झाली.

म्हणून तुम्हालाच विनवतो. माझं तोंड तुमच्या पोटावर टेकेल तेव्हा पडद्यावर नाक शोधू नका, कोणासारखं दिसतं ते शोधू नका. डॉक्टरांना विचारा, हृदयातून निघणाऱ्या दोन रक्तवाहिन्या पाहिल्यात का? हसतील. हसू द्या. दुसऱ्यांदा विचारा. दिसल्या नसतील तर 'दिसल्या नाहीत' असं लिहून मागा. न दिसणं हा गुन्हा नाही. माझ्या डोळ्यांदेखत न पाहिलेलं 'पाहिलं' म्हणून लिहिणं, त्याची मला किळस येते.

टायपिस्टने नोकरी सोडली नाही, आणि ती बाहेर जाऊन आणखी बोलेल म्हणून डॉक्टरांनीही तिला काढलं नाही. तिची मला अजून चीड आहे, आणि तिला ती आहे हे ठाऊक असावं, कारण आता मला पुसते तीच. तयार नमुना तिने पुसून टाकला. आज सकाळीही डॉक्टर "छान, छान" म्हणत हात उचलायला लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की पडद्याआड टकटक नाही.

"काय गं, बसून काय राहिलीस?"

"रक्तवाहिन्यांचं सांगितलं नाहीत, सर. कागद कोरा आहे."

टेबलावरच्या बाईने मान उचलून आधी टायपिस्टच्या पडद्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. मी अजून तिच्या पोटावरच आहे, चार कप्प्यांपाशी. हात हललेला नाही.