औषधाचा वास

नदी गावात शिरली आणि पिण्याची विहीर पुराखाली गेली. आमचं घर माळावर, म्हणून कोरडं. पण रस्ता दोन्हीकडून बंद. तिसऱ्या दिवशी सिस्टर होडीतून आल्या, पाण्यात टाकायच्या औषधाची बाटली देऊन गेल्या. "मापानं टाका, अर्धा तास झाकून ठेवा. हलका वास आला पाहिजे."

माझा दीर बसू यानं वरच्या हापशाचं पाणी निळ्या पिंपात भरून ठेवलं होतं.

"पिंप कुठलं?"

"भंगारवाल्याकडनं आणलंय, वैनी. अव्वानं राखेनं घासलंय की."

मी लेकीचा, दानेश्वरीचा लंगोट बदलत होते. बाटली त्याच्या हातात दिली, माप सांगितलं.

अर्ध्या तासानं झाकण काढलं. वास आला. तीन दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

"लई वास मारतंय गं," सासूबाई नाकाला पदर लावत म्हणाल्या.

"वास हवाच, अव्वा. म्हणजे औषध लागू पडलंय."

"असंल बाई. कॉलेजात शिकल्याली तू. आमी आपलं राख घासणारी माणसं."

लेक नऊ महिन्यांची, म्हणून मी पाणी वर उकळूनही घेतलं. उकळताना वास उग्र झाला. पहिला चमचा दानूनं थुंकला. मी तिचे गाल दाबून धरले आणि सहा चमचे पाजले.

ऊन कलताना बसू आला, शर्टाच्या खिशात चाचपत.

"वैनी, चुकलं बगा. अव्वानं म्हशी वर बांधायला धाडलं, अन् ह्ये टाकायचं ऱ्हाऊनच गेलं."

बाटलीचं सील शाबूत होतं.

मी पिंपाजवळ बसले. बुडाशी चिखल होता, तो पदरानं पुसला. खाली अर्धवट फाटलेलं लेबल, त्यावर कवटी. पुढं बारीक इंग्रजी अक्षरं. घरात ती मला एकटीलाच वाचता येत होती, आणि सकाळपासून मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"बसू, होडी! होडी बोलाव!"

तो पाण्याकडे पळाला.

"अव्वा, दानू कुठाय?"

"निजलीय की. दुपारधरनं निजलीय. रडनं न्हाय, कुरकुर न्हाय. आज लई शहानी झालीया."

मी तिला उचललं. मान खांद्यावर ठरेना.

"दानू," मी हाक मारली. "दानू गं."