फेट्यावरचा टोप

मंडळी, आपल्याकडं माणसाचं डोकं फुटलं तरी चालतं, पण ते उघडं दिसता कामा नये! खोटं वाटत असेल तर राहात्याजवळच्या एका वाडीतल्या सहादेवबांची गोष्ट ऐका.

सहादेवबांच्या डोक्याला कायम पिवळा फेटा, पाठीवर लांबलचक शेमला. हा फेटा फक्त झोपताना उतरायचा. चारचौघांत डोकं उघडं टाकायचं ते घरात मयत झाल्यावर, हे त्यांना बापानं शिकवलं होतं आणि त्यापुढं त्यांना काही शिकायचं नव्हतं.

त्यांचा थोरला मुलगा कानिफनाथ साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होता. दिवसभर फटफटीवरून उसाचे फड बघत फिरायचा. एकाहत्तरची लढाई संपली आणि त्याचा शाळासोबती डेव्हिड सुट्टीवर घरी आला. डेव्हिड लष्करात फटफटीवरून निरोप पोचवायचा. कानिफनाथ डोक्याला फेटा, धोतर फडफडवत, पायात वहाणा, डोळ्यांत धूळ अशा अवतारात गाडी हाणताना दिसला तेव्हा डेव्हिडनं कपाळावर हातच मारला. दुसऱ्याच दिवशी त्याला नगरच्या बाजारात घेऊन गेला.

दुकानदार फटफटीवर घालायचा एक लालभडक टोप, म्हणजे हेल्मेट, पुढं करत होता. डेव्हिडनं तो कानिफनाथच्या डोक्यावर ठेवून हलवला. "डोकं हिकडं अन् टोप तिकडं फिरतोय. दिसायला झकास, पण पडल्यावर काय कामाचा? तो काळा बघ, घट्ट बसतोय. पट्टा हनुवटीखाली आवळ. कोट जाड घे, पण घामानं जीव जाईल असा नको. बूट घोट्याच्या वर पाहिजेत. अन् रुबाबाची काळजी करू नको, अंगाला नीट बसलं की रुबाब आपोआप येतो."

आणि आलाच होता रुबाब! पण कानिफनाथनं गावात येऊन पारासमोर गाडी थांबवली, टोप काढला आणि घोटाळा झाला. टोपाखाली फेटा नव्हता, आणि पारावर सहादेवबाही बसले होते.

"अरारा! सहादेवबा, कोन गेलं वो तुमच्या घरातलं?" पारावरचा राधाकृष्ण ओरडला. या राधाकृष्णाला दुसऱ्याच्या घरात काडी टाकल्याशिवाय जेवण जात नसे. "बाप जित्ता असताना पोरगं बोडकं! वर पातेलं घालून फिरतंय!"

पार खदाखदा हसला. सहादेवबांच्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन त्यांनी टोप गोठ्यात भिरकावला.

"ह्या घरात ऱ्हायचं असंल तर फेटा बांधायचा. न्हाईतर तुजी वाट तुला मोकळी!"

"फेटा काय रस्त्यावर आपटल्यावर वाचवनार हाय का मला?"

"आमी काय उगाच म्हातारं झालो? कदी आपटलो न्हाई ते!"

"तुमी बैलगाडीत फिरला, आबा!"

झालं! बापलेकांचं बोलणं तुटलं. दोघांच्या मधे कानिफनाथची आई छबूबाई. "त्याला म्हनावं भाकर खा." "त्यांना म्हनावं भूक न्हाई." बिचारीचं निरोप सांगून तोंड दुखलं. गोठ्यातल्या टोपात कोंबडीनं अंडी घातली. कानिफनाथनं ती काढून टोप धुतला आणि पुन्हा घातला. सहादेवबा त्याच्याकडं बघून थुंकले. पोटच्या पोराकडं बघून थुंकले, मंडळी!

अशातच धाकट्या लेकीची सुपारी फोडायचा दिवस ठरला. छबूबाई आणि पाहुणे सकाळच्या एस.टी.नं कोपरगावला पुढं गेले. मागून बापलेक फटफटीवर जाणार होते. सहादेवबांनी फर्मान काढलं, लेकीच्या सासरी भाऊ फेट्यातच आला पाहिजे. निघायच्या वेळी डेव्हिड दारात आला.

"काका, फेटा पिशवीत घ्या. वेशीवर उतरलं की बांधू द्या त्याला."

"आन् वाटंतली लोकं आंधळी हायत व्हय?"

"काका, मी रस्त्यावर फुटलेली डोकी बघितलीत. ज्यांनी टोप घातला नाही ती पोरं गेली. अन् मग त्यांच्या बापांना डोकं उघडं टाकावं लागलं."

सहादेवबा लालबुंद झाले. "शुभ कामाला निघताना मयताच्या गोष्टी सांगतोस? तुजा बाप शाळंत शिकवत आसंल, तू माज्या दारात शिकवू नगंस. निघ!"

शेवटी वैतागून कानिफनाथनं एक तोड काढली. आधी फेटा बांधला आणि वरून टोप चढवला! फेट्याच्या पिळांवर टोप नुसता टेकला. पट्टा हनुवटीपर्यंत पोचेना.

"हा टोप नव्हे, झाकण झालं," डेव्हिड म्हणाला.

"आता तू तरी गप रं!" कानिफनाथ खेकसला. बापाचाही मान राहिला आणि टोपही राहिला असं त्याला वाटलं. सहादेवबांनाही वाटलं. मागं बसून ते मिशीत हसले, कारण फेटा लोकांना दिसत होता.

दिवस उसाचे होते. गाड्यांतून पडलेली उसाची टिपरी, म्हणजे तुकडे, रस्ताभर पसरली होती. एका वळणावर चाक टिपरावर चढलं, घसरलं आणि गाडी आडवी झाली. टोप झाकणासारखा उडून रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेला. त्याचा फेटा सुटून वाऱ्यावर गेला. आणि कानिफनाथचं डोकं खडीवर आपटलं.

सहादेवबांचे गुडघे फुटले होते, त्यांना कळलंसुद्धा नाही. पोराच्या कानातून रक्त येत होतं. "कानिफा! आरं बोल की रं! शिव्या दे मला, पर बोल!"

रक्त थांबेना. उसाच्या गाड्या थांबल्या, माणसं भोवती जमली. सहादेवबांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा ओढून काढला आणि लेकराच्या डोक्याला गुंडाळला. चारचौघांत, भर रस्त्यात, बोडक्या डोक्यानं ते ट्रकला हात करत उभे राहिले.

कानिफनाथ वाचला. पण डावा कान कायमचा बहिरा झाला. "पट्टा लावलेला असता तर खरचटण्यावर भागलं असतं," डॉक्टर एवढंच म्हणाले. सहादेवबा भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले.

पोरगा शुद्धीवर आल्यावर ते घरचं बघायला वाडीत परतले. हातात चारीतून शोधून आणलेला काळा टोप होता आणि डोकं उघडं. पारावरचा राधाकृष्ण गडबडून उठला.

"सहादेवबा... बोडके? कोन गेलं वो?"

सहादेवबा थांबले. आता मात्र त्यांचा आवाज असा चढला की पारावर एकालाही हसायची छाती झाली नाही.

"कुनी गेलं न्हाई! जाया लागला हुता, तुमच्या हसन्यापायी आन् माज्या फेट्यापायी! आजपासनं माजं पोरगं गाडीवर टोपच घालंल, त्यो उतरून बोडकंच हिंडंल. कुनाला बोडकं डोकं बघवत नसंल त्यानं डोळं मिटावं!"

तिथून ते तडक डेव्हिडच्या घरी गेले. "पोरा, ह्यो पट्टा कसा आवळत्यात ते दाव मला. इथनं म्होरं मी सोता आवळनार हाय," म्हणाले.

मंडळी, फेटा मानाचा आहे, तो मांडवात बांधा, मिरवा! पण गाडीवर बसताना लोक काय म्हणतील ते पारावर ठेवून जा. हसणारे हसून घरी जातात, घरचा माणूस घरी आला पाहिजे!