कमरेचा दोरा

गंगीला एका जागी बसवत नव्हतं. खाटेपाशी, मग दारापाशी, की परत खाटेपाशी. तलासरीच्या डोंगरातली बाई. डहाणूच्या दवाखान्यात येऊन पाच दिवस झाले, पण जीव थाऱ्यावर म्हणून नाही.

खाटेवर तिचा नवरा, सुक्या. पोटात दुखतंय तर आठ दिवस ओवा चघळत बसला हा शहाणा! आत अपेंडिक्स फुटलं, पू साठून गोळा झाला. डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून उजव्या कुशीतून बारीक नळी आत सोडली, तिला पिशवी लावली. म्हणाले, "पू असाच वाहत राहिला तर पोट फाडायला नको. नळी आणि इंजेक्शनं, दोन-तीन आठवड्यांत हिंडायला लागेल."

पण नळी घालताना नर्स निर्मलाबाईंनी त्याचा करदोडा कातरला आणि गंगीच्या काळजात धस्स झालं. कमरेचा दोरा तोडतात तो मेलेल्याचा! जित्या माणसाचा तोडतात होय? तिसऱ्या दिवशी तिने बाजारातून काळा दोरा आणला आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून लेंग्याच्या आतून चांगला आवळून बांधला. तेव्हा कुठे तिला घास गिळता आला.

चौथ्या दिवशी पिशवी रिकामी. सुक्या खूश. "पू संपला गं, घरी चल." आणि आज दुपारी अंग तव्यासारखं तापलं, दात वाजायला लागले.

डॉक्टरांचा चेहराच उतरला. "नळी बंद पडलीय, पू आतच साठतोय. नळी धुऊन बघतो. नाही उघडली तर वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात न्या, पोट उघडावं लागेल. रक्तात पसरला तर कठीण आहे." ते सामान आणायला वळले.

नळी बंद म्हणताच गंगीला दोरा आठवला. तिने चादर वर केली, लेंगा खाली सरकवला. दोऱ्याखाली नळी दुमडून चपटी झाली होती.

"मीच गं बाई! मीच मारत होते याला!"

हात दोऱ्यावर जाऊन थांबला. तोडायचा? आपल्या हाताने? सुक्या कण्हला. गाठ सुटेना, तशी ती वाकली आणि दातांनी दोरा तोडला. नळीतून पिवळा पू भळभळ पिशवीत उतरला. घाण वास सुटला.

"डॉक्टर, आला! आला!" ती ओरडली. तुटका दोरा पुढे धरून म्हणाली, "मी बांधला होता."

डॉक्टरांनी पिशवी बघितली, मग तिच्याकडे. "वाहू दे आता. वलसाड राहू दे."

सुक्याने कमर चाचपली. "करदोडा तोडलास? मेलो काय मी?"

"मेलेला विचारतो का रे? गप पड!" गंगी खेकसली, आणि त्याच्या पायाशी बसून ढसाढसा रडली.