ऑर्व्हिल टॅकेटच्या सहीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना सहीचा शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर उलट्या अक्षरांत एकच नाव: ऑर्व्हिल टॅकेट. माझा जन्म अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या एका लहानशा गावातला. युद्धात ऑर्व्हिलचा उजवा हात अधू झाला होता. पेन धरलं की तो थरथरायचा. म्हणून त्याने तरुणपणीच्या एका पत्रावरची आपली सही देऊन मला करून घेतलं.

त्याचा धंदा गवत कापण्याचा. सैनिकांच्या सरकारी दफनभूमीचं काम त्याच्याकडे होतं. ते कंत्राट जखमी सैनिकांच्या छोट्या धंद्यांसाठीच राखून ठेवलेलं असे. दर वर्षी त्याला लिहून द्यावं लागे की, मालक मी आहे आणि रोजचा कारभार मीच पाहतो. त्याखाली मी ठसठशीत उमटायचो. मला तेव्हा स्वतःचा भारी अभिमान होता.

एका हिवाळ्यात ऑर्व्हिल गेला. सैनिक म्हणून त्याचा हक्कच होता, त्यामुळे त्याला त्याच दफनभूमीत जागा मिळाली. पण दफनाच्या नोंदी एका सरकारी कचेरीत आणि कंत्राटाचे कागद दुसऱ्याच कचेरीत असत. पुढच्याच आठवड्यात वर्षाचा कागद आला. त्याची बायको नेडीन कागद पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. मुकादम डेल्बर्ट दारात उभा होता.

"मालकीणबाई, साहेब गेले हे कळवलंत तर कंत्राट गेलंच म्हणून समजा. अकरा माणसं घरी बसतील."

"अरे, पण हे खोटंच की."

"सही तर साहेबांचीच आहे ना?"

नेडीनने मला उचललं. "ऑर्व्हिल, करू ना रे?" असं तिने मलाच विचारलं आणि दाबलं. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटू लागली.

चार वर्षं असंच चाललं. कंत्राटाच्या कचेरीतून फोन आला की नेडीन म्हणायची, "ते ना? ते कामाच्या जागीच आहेत." ऑर्व्हिल खरोखरच तिथे होता. त्याचीच माणसं त्याच्या अंगावरचं गवत कापत होती. इकडे नेडीन रोज सकाळी दोन कप कॉफी ओतायची, दुसऱ्या कपाशेजारी मला ठेवायची आणि संध्याकाळी तो भरलेला कप मुकाट्याने रिकामा करायची.

मग कचेरीतल्या प्रुइटबाई काम तपासायला आल्या. गवताची उंची मोजायला त्या एका थडग्यापाशी वाकल्या आणि त्यांनी दगडावरचं नाव वाचलं. याच नावाच्या सहीचा कागद त्याच वर्षी त्यांच्या टेबलावर आला होता. त्या तडक आमच्याकडे आल्या.

"टॅकेटबाई, तुमचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मग सही कोण करतंय?"

नेडीनने माझ्याकडे बोट दाखवलं. "कंत्राट जाईल म्हणून लपवलं मी."

प्रुइटबाईंनी मला उचलून उलटं करून पाहिलं. "अहो, अशा सैनिकाच्या विधवेला कायदाच काही वर्षं सवलत देतो. एक पत्र टाकलं असतंत तर हेच काम तुमच्या नावावर चाललं असतं. आता मात्र हा गुन्हा झाला."

"कुणाला विचारलंच नाही हो," नेडीन म्हणाली.

कंत्राट गेलं, अकरा माणसं घरी बसली. नेडीनवर खटला चालू आहे. मी पुरावा म्हणून कोर्टाच्या कपाटात एका पारदर्शक पिशवीत पडून आहे. माझ्यावरची शाई अजून सुकलेली नाही. मित्रांनो, सरकारी कागदाची भीती वाटली तर आधी कुणा जाणत्याला विचारा. आणि गेलेल्या माणसाचं नाव हवं तितकं जपा, पण त्याला सही करायला उठवू नका.