सेलूच्या नाल्यावरचे सांध्याचे गवत

मी सेलूजवळच्या नाल्याकाठी वाढणारे एक जुने गवत आहे. खरे तर मी गवतही नाही, असे जाणते लोक म्हणतात. पण मग काय म्हणावे, ते मलाही नीट सांगता येत नाही. मला फूल नाही, म्हणण्याजोगे पान नाही. नुसत्या हिरव्या पोकळ कांड्या, ओढल्या की सांध्यातून सुटणाऱ्या. म्हणून बाया मला सांध्याचे गवत म्हणत.

मित्रांनो, माझे अंग बारीक रेतीसारखे खरखरीत आहे. नत्थू सुतार लाकडी फण्या माझ्याने घासून गुळगुळीत करी. कुणाचा पाय मुरगळला तर मला वाटून लेप लावीत. पाय बरा होई, तो माझ्यामुळे की विश्रांतीमुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पितळेचे मात्र सांगेन. गावातल्या मनकर्णाबाईंनी माझी ओली जुडी राखेसोबत फिरवली की हंड्याकडे उन्हात बघवत नसे.

१९७८ साली त्यांच्याकडे जयवंता सून होऊन आली. महिनाही झाला नव्हता, आणि नणंदेला, धुरपताला, पाहायला पाहुणे येणार होते. कढीचा पितळी गंज, म्हणजे मोठे पातेले, जयवंताने नाल्यावर आणून बाहेरून लखलखीत केला. मग हौसेने आतूनही घासला. आत कथिलाची पांढरी कल्हई होती. तिच्या माहेरी सगळी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडी. तिला तो मळ वाटला. माझ्या कांड्यांनी कल्हई खरवडून निघाली. थांब म्हणायला मला तोंड नव्हते.

दुपारी उघड्या पितळेला लागून कढी कळकली, कडवट झाली. पाहुण्यांनी एकेक घोट घेऊन वाट्या बाजूला सारल्या.

संध्याकाळी मनकर्णाबाईंचे यजमान रूपराव कुदळ घेऊन आले. मागे सासू आणि सून.

"गवतच जहरी हाय हे! मुळासकट खांदून काढतो."

पहिल्या घावात माझी चार मुळे तुटली. जयवंता गप्प राहिली असती तर तिच्यावर काही येणार नव्हते. कुदळ पुन्हा वर गेली, तेव्हा ती बोलली.

"मामाजी, गवताचा दोष नाई. मीच गंज आतून घासला. कल्हई हाय, मले समजलंच नाई."

मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवं पोरी, भायेरून चमकला म्हून आतून बी सोलला काय?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मीच सांगतलं नाई तिले."

"मंग मी कुदळ काऊन आनली?" रूपराव म्हणाले.

"आनलीच हाय त वांग्याचा वाफा खांदून टाका. तीन दिवसांपासून सांगून राह्यली."

गंजाला पुन्हा कल्हई झाली. पाहुण्यांना खरे सांगून परत बोलावले. धुरपताच्या लग्नाची भांडी माझ्यानेच घासली.

पुढे घरोघर स्टील आले, पुडीतली पावडर आली. माझ्याकडे कुणी फिरकेना. फक्त जयवंता दिवाळीआधी तो गंज घेऊन येते. मागच्या वर्षी लेकीला सोबत आणले होते. माझ्या कांड्या खुडल्या, मुळे राहू दिली.

मित्रांनो, मला न्यायचे तर असेच न्या. आणि काही बिघडले तर कुदळ उचलण्याआधी जरा विचारा.

लेकीच्या हाती जुडी देताना जयवंता म्हणाली, "भायेरूनच घासजो बाई. आत कल्हई हाय."