धाब्यावरचं कोहळं

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला, किसनराव माळ्यानं धाब्याचं घर घेतलं ते कापसाच्या तेजीत. माळ्याचा कापसाशी काय संबंध म्हणाल, तर लोकांच्या खिशात कापसाचा पैसा खुळखुळला की वांगंही ऐटीत विकलं जातं. तरी अर्ध्याहून जास्त रक्कम भगवंतराव सावकाराची, आणि घर त्यांच्याकडेच गहाण. दर दिवाळीला हप्ता.

"हप्ते फेडले का घर आपलं," किसनराव बायकोला, तानुबाईला म्हणाला. "आनखी काय लागते घराले?"

घरानं हे ऐकलं असावं. वर्षभरात वाळवीनं एक खांब खाल्ला. तो बदलला, तर मुनसिपालटीची घरपट्टी आली. ती भरली, तर मागची भिंत फुगली. आणि या सगळ्यांवर धाबं, म्हणजे लाकडाच्या छतावरचा मातीचा थर. त्यावर दर उन्हाळ्यात नवी खारी माती पसरायची असते. ती पूर्णेकडच्या खारपाण गावांतून गाडीनं येते. तिच्यात गवताची काडी उगवत नाही आणि ती पाणी खाली जाऊ देत नाही.

गाडीवाल्यानं भाव सांगितला तसा किसनराव भडकला. "मातीले पैसे? माझ्या वाडीत सोन्यासारखी काळी माती हाय, फुकटची!"

"अवो," तानुबाई म्हणाली, "जिच्यात सारं उगवते ते डोक्श्यावर कायले घेता?"

"तुले काय कळते व मातीतलं?"

मातीतलं त्याला कळायचं, हे खरंच. छपरातलं कळत नव्हतं. त्यानं टोपल्या भरभरून काळी माती धाब्यावर चढवली, आणि माळ्याचा हात तो, कोहळ्याच्या बियाही टोचल्या.

वेल असा आला की शेजारच्या माणिकबाईनं वाळत घातलेलं लुगडं सकाळी त्याच्या पानाखाली सापडलं. कोहळी बैलगाडीच्या चाकाएवढी. एक आगगाडीनं अमरावतीला पाठवलं, तर बडनेरा स्टेशनच्या हमालांनी त्याचं वेगळं तिकीट मागितलं. खोटं वाटत असेल तर विचारा, त्यातला एखादा हमाल जिवंत असेल. त्या दिवाळीचा हप्ता कोहळ्यांनीच भरला.

भगवंतराव दारात उभे राहून वर बघत म्हणाले, "नशीबवान हाय तुमी. घरच हप्ता भरून राहिलं."

आत मात्र तानुबाईला दारातून वाकून जावं लागत होतं. आधी तिला वाटलं, आपलीच उंची वाढली. मग छताच्या फटींतून मुळं उतरली, पांढरी, बोटांसारखी. चुलीकडे ती वळत नसत. रांजणाकडे वळत. सकाळी भरलेला रांजण दुपारी अर्धा, आणि मुळांची टोकं ओली. लेकरं त्या खोलीत जाईनात.

"माती खाली काढा," तानुबाई म्हणाली. "हे घर आपल्याले पिऊन राहिलं."

"शेवटचाच हप्ता हाय. वरचं मोठं कोहळं पिकू दे, मंग काढतो."

पुढच्या भादव्यात झड लागली. काळी माती फुगत गेली. खांब करकरायचे, थांबायचे, आणि ते थांबणंच जास्त भीती घालायचं. चौथ्या दिवशी तानुबाईनं देव, जातं आणि लेकरं माणिकबाईच्या ओसरीत नेऊन ठेवली.

"या ना बाहेर!"

किसनराव शिडीनं वर चढला, कोहळं वाचवायला. त्याला मिठी मारून उतरतच होता, तेवढ्यात घरानं एक लांब श्वास घेतल्यासारखं झालं आणि ते खाली बसलं. पडलं नाही हो, बसलं, म्हैस बसते तसं. किसनराव कोहळ्यासकट चिखलात.

दिवाळीला भगवंतराव आले.

"हप्ता."

"कायचा हप्ता, सावकार? घर कुठी हाय?"

"घर तारण होतं, किसनराव. कर्ज तं तुमच्या अंगावर हाय. ते कुठी पडलं?"

किसनरावानं कोहळं विकून ठेवलेले पैसे मोजून दिले. भगवंतरावांनी गहाणखत फाडलं आणि गोड हसले. "घ्या. आता घर पुरं तुमचं. माझा एक दगडही नाई त्यात."

दुसऱ्या दिवशी मुनसिपालटीचा शिपाई आला. ढिगारा रस्त्यावर सांडलाय, मालकानं उचलावा, नाहीतर दंड.

मालक किसनराव टोपली घेऊन निघाला. तानुबाई दुसरी टोपली घेऊन मागोमाग. दिवसभर दोघं माती वाहत होती. सांजेला तिनं ढिगाऱ्याला हात लावला, आणि झटकन मागं घेतला.

"काय झालं व?"

"कोमट हाय," ती म्हणाली. "अन् सकाळपेक्षा मोठा."